विश्लेषण : नकाशावर नसलेली वस्ती तरुण मुलं मोबाइलने नकाशावर कशी आणतात?

माझ्या आत्याचं घर सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, गावापासून साडेतीन किलोमीटर आत एका वस्तीवर आहे. गेल्या वर्षी जानेवारीत एका रात्री साडेदहाच्या सुमारास तिच्या सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं. फोन केला, रुग्णवाहिका निघाली. ड्रायव्हरने वस्तीचं नाव मोबाइलच्या नकाशात टाकलं आणि नकाशाने त्याला नेऊन सोडलं ते त्याच नावाच्या दुसऱ्या वस्तीवर, शेजारच्या गावच्या शिवारात. तिथून परत फिरून योग्य ठिकाणी यायला पाऊण तास जास्तीचा गेला. तोवर माझा आतेभाऊ मोटारसायकल घेऊन डांबरी रस्त्याच्या फाट्यावर मोबाइलचा टॉर्च हलवत उभा होता. आजोबा बचावले. ड्रायव्हरची त्यात काहीच चूक नव्हती. आत्याची वस्ती नकाशावर नव्हतीच.

आतेभाऊ पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या रविवारी त्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी वस्ती पायी पालथी घातली. संध्याकाळपर्यंत अठरा घरं, दोन विहिरी, अंगणवाडी, पाण्याची टाकी, म्हसोबाचं देऊळ आणि फाट्यापासून आत येणारा कच्चा रस्ता नकाशावर आला होता. त्यासाठी पैसे लागले नाहीत, कुणाची सहीही लागली नाही.

हे कसं शक्य आहे, जगात कुठे कुठे तरुणांनी असं केलंय आणि यात गोची कुठे होते, ते समजून घेऊ.

वस्ती नकाशावर का नसते?

उपग्रहाला छप्पर दिसतं. त्या छपराखाली घर आहे की गोठा, त्या जागेला लोक काय म्हणतात, समोरचा रस्ता पावसाळ्यात चालू असतो की नाही, हे आकाशातून कळत नाही. ते कुणीतरी जमिनीवरून सांगावं लागतं. नकाशाचा धंदा करणाऱ्या कंपन्या ही माहिती जिथे ग्राहक आहेत, दुकानं आहेत, गाड्या धावतात तिथे आधी गोळा करतात. पुण्यातल्या एखाद्या कॅफेची उघडण्याची वेळ नकाशावर मिनिटासह असते, आणि अठरा घरांची वस्ती नसते. यामागे कट वगैरे काही नाही, सरळ व्यवहार आहे.

सरकारकडे नकाशे नाहीत असंही नाही. सर्व्हे ऑफ इंडिया हा विभाग १७६७ पासून काम करतोय. गावाचा नकाशा, गटांचा नकाशा महसूल खात्याकडे असतो. पण रात्री साडेदहाला ड्रायव्हरच्या हातात असतो तो मोबाइल, आणि त्यात तलाठी कार्यालयातला नकाशा उघडत नाही.

त्यात आपल्याकडची वस्तीची पद्धत. गावठाण एकीकडे आणि माणसं शेतात, मळ्यात, माळावर पांगलेली. नावंही तीच ती. शिंदे वस्ती, माळवाडी, पाटील मळा ही नावं टाकून बघा, एकाच तालुक्यात दोन-तीन सापडतील. यंत्राला ज्याची नोंद आहे तेच ठिकाण सापडतं, आणि ते बरोबरच आहे असं समजून ते तुम्हाला तिकडे नेतं.

ओपनस्ट्रीटमॅप म्हणजे काय?

आतेभावाने वापरला तो नकाशा म्हणजे ओपनस्ट्रीटमॅप. विकिपीडियाचा लेख जसा कुणीही दुरुस्त करू शकतं, तसा हा जगाचा नकाशा कुणीही दुरुस्त करू शकतं. २००४ मध्ये स्टीव्ह कोस्ट या लंडनमधल्या विद्यार्थ्याने तो सुरू केला. ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेची माहिती तेव्हा महाग होती, आणि वापरावर बंधनं होती. मग आपणच रस्त्यावर फिरून नकाशा का काढू नये, असा साधा विचार होता. आज त्यावर एक कोटीहून जास्त खाती आहेत. अर्थात खातं उघडणारे सगळे नकाशा काढतात असं नाही. नेमाने काम करणारे त्यातले थोडेच.

याचा परवाना खुला आहे. श्रेय द्या, आणि यात भर घालून नवी माहिती तयार केलीत तर तीही याच अटीवर खुली ठेवा, एवढीच अपेक्षा. त्यामुळे विकिपीडियातले नकाशे यावर चालतात, ऑरगॅनिक मॅप्ससारखी इंटरनेटशिवाय चालणारी ॲप यावर चालतात, आणि मोठ्या कंपन्याही ही माहिती वापरतात. २०१७ च्या शेवटी पोकेमॉन गो या खेळानेही हाच नकाशा घेतला. त्याचा किस्सा पुढे येईल.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण यावर बरेच जण फसतात. ओपनस्ट्रीटमॅपवर काढलेली वस्ती आपोआप गुगल मॅप्सवर दिसत नाही. दोन्ही वेगळे आहेत. रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरच्या फोनमध्ये कोणतं ॲप आहे, यावर सगळं अवलंबून. त्यामुळे आतेभावाने गुगलवरही 'नसलेली जागा जोडा' या सोयीतून वस्तीची नोंद वेगळी पाठवली. फरक हा, की गुगलवर तुम्ही सूचना करता, ती घ्यायची की नाही हे कंपनी ठरवते, आणि माहिती कंपनीची होते. ओपनस्ट्रीटमॅपवरची माहिती पूर्णच्या पूर्ण उतरवून घेता येते आणि तिचा स्वतःचा नकाशा छापता येतो.

हा फरक नुसता तत्त्वाचा नाही. गुगलनेच २००८ मध्ये मॅप मेकर नावाचं साधन आणलं होतं. भारतातल्या असंख्य हौशी तरुणांनी त्यावर आपापल्या गल्ल्या काढल्या. २०१७ मध्ये कंपनीने ते बंद केलं. गल्ल्या नकाशावर राहिल्या, पण त्या काढणाऱ्यांचं अंगण गेलं.

किबेरातल्या मुलांनी काय केलं?

या विषयावर जगात सगळ्यात जास्त ज्याचा दाखला दिला जातो, ते ठिकाण म्हणजे केनियाची राजधानी नैरोबीतली किबेरा ही वस्ती. पत्र्याची घरं, अरुंद बोळ, मधून रेल्वेचा रूळ. आफ्रिकेतल्या सगळ्यात मोठ्या झोपडपट्ट्यांपैकी एक. तिथे किती माणसं राहतात यावरच एकमत नाही. बरीच वर्षं दहा लाखांचा आकडा फिरत होता. २००९ च्या जनगणनेत सुमारे १ लाख ७० हजार निघाले. कोणता आकडा खरा यावर आजही वाद होतो. जिथे माणसांची मोजदाद अशी, तिथे नकाशाची काय कथा? ऑनलाइन नकाशांवर किबेराची जागा जवळजवळ कोरी होती.

२००९ च्या शेवटी एरिका हेगन आणि मिकेल मॅरन या दोघांनी तिथे 'मॅप किबेरा' हे काम सुरू केलं. किबेरात तेरा छोटी 'गावं' मानली जातात. प्रत्येक गावातून एकेक तरुण-तरुणी घेतली, त्यांच्या हातात जीपीएस यंत्रं दिली. तीनेक आठवड्यांत पहिला नकाशा तयार झाला. त्यात काय होतं? पाण्याचे नळ, सार्वजनिक संडास, दवाखाने, शाळा, चर्च, मशिदी. नंतर आरोग्य, शिक्षण, पाणी आणि सुरक्षितता असे विषयवार नकाशे झाले. कुठे जायला भीती वाटते, हे उपग्रह सांगू शकत नाही. तिथे राहणाराच सांगू शकतो.

मला यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग पुढचा वाटतो. नकाशा झाला, बाहेरच्या जगाने कौतुक केलं, आणि वस्तीतले लोक विचारायला लागले, "यातून आम्हाला काय मिळालं?" प्रश्न चोख होता. नळ नकाशावर आला म्हणून नळाला पाणी येत नाही. शिवाय वस्तीतल्या बहुतेकांकडे तो नकाशा बघायला इंटरनेटही नव्हतं.

त्यावर या तरुणांनी दोन गोष्टी केल्या. एक, कागदी नकाशे छापले आणि ते लोकांपुढे ठेवले. दुसरी, नकाशाला बातमी जोडली. 'किबेरा न्यूज नेटवर्क' नावाने वस्तीतल्या मुलामुलींनी छोट्या कॅमेऱ्यांवर व्हिडिओ करून यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली, आणि 'व्हॉइस ऑफ किबेरा' या ठिकाणी एसएमएसने आलेल्या खबरा नकाशावर दिसू लागल्या. त्यासाठी वापरलेलं उशाहिदी हे सॉफ्टवेअरही केनियातच, २००८ च्या निवडणुकोत्तर हिंसाचारात घटनांची नोंद ठेवण्यासाठी जन्माला आलं होतं. स्वाहिली भाषेत उशाहिदी म्हणजे साक्ष.

परदेशी माध्यमं किबेरात यायची ती गरिबीचे फोटो काढायला. तिथल्याच पोरांनी कॅमेरा हातात घेतला तेव्हा विषय बदलले. सर्जनशीलता हा शब्द आपण रील आणि गाण्यांपुरता ठेवतो. आपल्या गल्लीचं चित्र कसं दिसावं हे ठरवणं, त्यात काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे ठरवणं, यातही तीच लागते.

संकट आल्यावर नकाशा काढून चालत नाही का?

चालतं, पण उशीर होतो. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा जगभरच्या स्वयंसेवकांनी घरी बसून, उपग्रहाची चित्रं बघून पोर्ट-ओ-प्रिन्स शहराचा नकाशा काही दिवसांत काढला. मदत पथकांनी तो वापरला. घरबसल्या कुणाला तरी मदत करता येते हे तिथे पहिल्यांदा ठळकपणे दिसलं.

नेपाळची गोष्ट वेगळी आणि आपल्यासाठी जास्त कामाची. काठमांडूत २०१२ पासूनच शाळा, रुग्णालयं आणि इमारतींचा नकाशा काढायचं काम सुरू होतं, त्यात विद्यापीठातले विद्यार्थी होते. त्यातूनच 'काठमांडू लिव्हिंग लॅब्ज' ही संस्था उभी राहिली. २५ एप्रिल २०१५ ला ७.८ क्षमतेचा भूकंप झाला तेव्हा पाया तयार होता. नकाशा वापरता येणारी, स्थानिक भाषा बोलणारी, नेपाळी नावं ओळखणारी माणसं जागेवर होती. जगभरातून हजारो स्वयंसेवक जोडले गेले, पण दिशा देणारे काठमांडूतले होते.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये चेन्नई बुडाली. ओपनस्ट्रीटमॅपच्या आधारावर एक साधं पान तयार झालं. आपल्या रस्त्यावर पाणी असेल तर त्या रस्त्यावर क्लिक करा, तो लाल होतो. लोकांनी भराभर रस्ते लाल केले. हे जमलं कारण रस्ते आधी कुणीतरी काढून ठेवले होते. जो रस्ता नकाशात नाही, त्यावर क्लिक करणार कसं?

२०१८ च्या केरळ पुरात 'केरळरेस्क्यू' हे संकेतस्थळ स्वयंसेवक तंत्रज्ञांनी आणि राज्याच्या आयटी मिशनने मिळून चालवलं. मदतीच्या हाका एका जागी आल्या हे त्याचं मोठं यश. अडचण अशी झाली की सुटका झालेल्या माणसाचा निरोपही व्हॉट्सॲपवर पुढे पुढे जात राहिला. कोल्हापूर-सांगलीच्या २०१९ च्या पुरात ज्यांनी असे निरोप फॉरवर्ड केले असतील, त्यांना हे वेगळं सांगायला नको. निरोपावर वेळ आणि नेमकी जागा नसेल तर तो मदतीपेक्षा गोंधळच वाढवतो.

मोबाइलवर नकाशा काढायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

ओपनस्ट्रीटमॅपला आतून बघितलं तर तिथे चित्र नसतं. असतात फक्त बिंदू, आणि बिंदू जोडून झालेल्या रेषा. विहीर हा बिंदू. रस्ता ही रेषा. घर म्हणजे स्वतःपाशी परत येऊन मिळालेली रेषा. बसचा मार्ग वगैरे दाखवायला या सगळ्यांची गुंफण करायची सोय आहे, ती सध्या सोडून द्या. प्रत्येक वस्तूला चिठ्ठ्या लावायच्या : हा रस्ता आहे, कच्चा आहे, याचं नाव अमुक. चिठ्ठ्या बघून ॲप ठरवतं की हा रस्ता कोणत्या रंगात दाखवायचा, आणि यावरून चारचाकी न्यायची की नाही.

सुरुवात करायला सगळ्यात सोपं ॲप म्हणजे अँड्रॉइडवरचं स्ट्रीटकम्प्लीट. ते तुमच्या आसपास काय माहिती अपुरी आहे ते शोधून प्रश्न विचारतं. या रस्त्यावर दिवे आहेत का? रस्ता डांबरी की मातीचा? या इमारतीला मजले किती? तुम्ही उत्तर देता, नोंद होते. लॅपटॉप असेल तर ओपनस्ट्रीटमॅपच्या संकेतस्थळावरच 'एडिट'चं बटण आहे. मागे उपग्रहाचं चित्र दिसतं, त्यावर छपराच्या कडेने घर काढायचं. जतन करताना आपण काय बदललं ते एका ओळीत लिहायचं. तो बदल, कुणी केला, कधी केला, हे सगळ्यांना दिसतं.

इंजिनीअर म्हणून एक सावधगिरीची गोष्ट सांगतो. मोबाइलचा जीपीएस उघड्या आकाशाखाली साधारण पाचेक मीटरपर्यंत बरोबर असतो. पण दोन्ही बाजूंनी भिंती असलेल्या बोळात उपग्रहाचा सिग्नल भिंतीवर आपटून येतो आणि तुम्ही शेजारच्या गल्लीत आहात असं फोन समजतो. मागचं उपग्रहचित्रही काही मीटर सरकलेलं असू शकतं. म्हणून एकाच रस्त्यावरून दोनदा चालायचं, दोन्ही माग जुळवायचे आणि मग रेघ ओढायची. आतेभावाने पहिल्यांदा काढलेला रस्ता विहिरीतून जात होता.

आणि एक नियम अगदी पक्का : गुगल मॅप्स समोर ठेवून त्यावरून उतरवायचं नाही. तो त्यांच्या हक्काचा माल आहे. स्वतः बघितलेलं, विचारलेलं, किंवा परवानगी असलेल्या चित्रावरून काढलेलंच चालतं.

नाव काय लिहायचं, हा सोपा प्रश्न नाही

घर काढायला दोन मिनिटं लागतात. नाव लिहायला कधी कधी आठवडा.

पहिली अडचण लिपीची. आपल्या गावांची नावं आधी इंग्रजीत नोंदली गेली, मग यंत्राने ती परत देवनागरीत आणली. त्या प्रवासात 'ळ' पडतो. धुळ्याचं धुले होतं, जळगावचं जलगाव, ठाण्याचं थाने. मोठ्या शहरांची नावं कुणी तरी दुरुस्त करतं. वाड्या-वस्त्यांना वाली नसतो. ओपनस्ट्रीटमॅपवर नावाला भाषावार रकाने आहेत, त्यात मराठीचा वेगळा आहे. मराठी नीट येणाऱ्या कुणालाही घरबसल्या करता येईल असं हे काम आहे, आणि त्यात तंत्रज्ञान शून्य लागतं. आपल्या तालुक्यातली गावं उघडा आणि कोणत्या गावाचा मराठी रकाना रिकामा आहे ते बघा.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. महाराष्ट्रात वस्त्यांना जातीवरून नावं आहेत. महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा, ढोरवस्ती. राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये ही नावं बदलून समता नगर, भीम नगर, ज्योती नगर, क्रांती नगर अशी नावं द्यायचा निर्णय घेतला. कागदावर बदल होतो, कमानीवर होतो, पण डिजिटल नकाशावर जुनं नाव कुणी काढलं नाही तर ते तसंच राहतं. कुरिअरवाल्याला, टॅक्सीवाल्याला, मुलाखतीला बोलावणाऱ्या कंपनीला पत्ता पाठवला की त्यासोबत जात पाठवली जाते. नाव बदललेल्या वस्तीतल्या मुलाला हे कसं वाटत असेल, याचा विचार करा.

ओपनस्ट्रीटमॅपचा नियम असा की जागेवर जे नाव चालतं, पाटीवर आहे, ते मुख्य नाव. सरकारी नाव वेगळं असेल तर त्याला वेगळा रकाना. जुनं नाव 'जुनं नाव' या रकान्यात ठेवता येतं. मग ते नकाशावर छापलं जात नाही, पण शोधलं तर जागा सापडते. तांत्रिकदृष्ट्या हे छान उत्तर आहे. तरी प्रश्न उरतोच. लोकांच्या तोंडी अजून जुनंच नाव असेल तर? जुनं नाव शोधात तरी का सापडावं? मला विचाराल तर याचं उत्तर लंडनमधल्या किंवा पुण्यातल्या स्वयंसेवकाने देऊ नये. त्या वस्तीत राहणाऱ्यांना विचारून, शक्य असेल तर त्यांच्याच हाताने ते लिहिलं जावं.

कुणीही बदल करू शकतो, मग खोडसाळपणा?

होतो. पोकेमॉन गो या नकाशावर आल्यावर काही खेळाडूंच्या लक्षात आलं की बाग असली की चांगले पोकेमॉन मिळतात. लगेच आपल्या घराभोवती नसलेल्या बागा उगवायला लागल्या! गुगलच्या मॅप मेकरवर २०१५ मध्ये कुणीतरी पाकिस्तानात रावळपिंडीजवळ अँड्रॉइडचा रोबो ॲपलच्या चिन्हावर लघवी करतोय असं चित्रच काढलं होतं. गुगलला त्यानंतर साधन काही काळ थांबवावं लागलं.

ओपनस्ट्रीटमॅपवर प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो आणि तो उलटवता येतो. पण त्यासाठी त्या भागावर कुणाची तरी नजर हवी. मुंबईत चूक लवकर पकडली जाते, माणमध्ये दोन वर्षं राहील. अलीकडे एआय उपग्रहचित्रातून रस्ते शोधून देतं. मेटाने स्वयंसेवकांसाठी असं साधन आणलं आहे. वेळ वाचतो, हे खरं. पण कोरडा ओढा आणि कच्चा रस्ता वरून सारखेच दिसतात. उन्हाळ्यातल्या चित्रावरून ठरवलं तर ओढ्यातून रस्ता जाईल.

हे कायदेशीर आहे का?

२०१३ मध्ये गुगलने भारतात 'मॅपॅथॉन' ही स्पर्धा घेतली, तेव्हा सर्व्हे ऑफ इंडियाने तक्रार केली होती आणि २०१४ मध्ये सीबीआयने प्राथमिक चौकशी सुरू केली होती. तो काळ आता मागे पडलाय. १५ फेब्रुवारी २०२१ ला केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या. भारतीय व्यक्ती आणि संस्थांना नकाशाची माहिती गोळा करायला आणि प्रसिद्ध करायला आता पूर्वपरवानगी लागत नाही. आडव्या दिशेने एक मीटर आणि उभ्या दिशेने तीन मीटर यापेक्षा बारीक अचूकतेच्या माहितीवर जास्तीच्या अटी आहेत. साध्या मोबाइलचा जीपीएस त्याच्या जवळपासही जात नाही.

पथ्यं मात्र पाळायची. लष्करी आणि संवेदनशील ठिकाणांच्या वाटेला जायचं नाही. देशाच्या सीमेला हात लावायचा नाही. ओपनस्ट्रीटमॅप सीमा प्रत्यक्ष ताब्यानुसार दाखवतो, ती भारताच्या अधिकृत नकाशाशी जुळत नाही, आणि चुकीची सीमा छापणं हा आपल्याकडे गुन्हा आहे. देशाचा नकाशा छापायचा असेल तर सर्व्हे ऑफ इंडियाचाच घ्यावा. कुणाच्या घरावर कुटुंबाचं नाव, फोन नंबर लिहायचा नाही.

आणि नकाशावर घर काढलं म्हणजे जागा नावावर होत नाही. गावठाणातल्या मालकीसाठी २०२० मध्ये सुरू झालेली स्वामित्व योजना, तिचं ड्रोन सर्वेक्षण आणि मिळकत पत्रिका हा वेगळा सरकारी मार्ग आहे. आत्याच्या वस्तीवर पहिल्याच दिवशी एका काकांनी आतेभावाला बांध दहा फूट सरकवून दाखव म्हणून सांगितलं होतं!

आता डिजिपिन आलाय, मग हे कशाला?

मे २०२५ मध्ये टपाल खात्याने डिजिपिन आणला. देशाचे सुमारे चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन पाडले आणि प्रत्येकाला दहा अक्षरांचा संकेतांक दिला. घर कुठे आहे हे त्याने नेमकं सांगता येतं, आणि एकाच नावाच्या दोन वस्त्यांचा घोळ सुटतो. वडीलधाऱ्यांच्या फोनमध्ये तो जतन करून ठेवा. पण चौकोनापर्यंत जायचा रस्ता कोणता, तो आज चालू आहे का, हे डिजिपिन सांगत नाही. त्याला नकाशाच लागतो.

नकाशा झाला. पुढे?

किबेरातला प्रश्न आपल्यालाही चुकत नाही. पुण्याची शेल्टर असोसिएट्स ही संस्था १९९३ पासून झोपडपट्ट्यांची घरोघरची माहिती गोळा करून नकाशावर मांडते. कोणत्या घरात संडास नाही आणि ड्रेनेजची लाइन किती लांब आहे हे एकाच नकाशावर दिसलं की संडास कुठे बांधता येईल हे ठरवता येतं. पुणे, कोल्हापूर, सांगली-मिरज या भागांत त्यांनी असं काम केलंय. तिथे नकाशाला महापालिकेचं टेबल मिळालं, म्हणून तो कामाला आला.

आतेभावाने तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात नकाशाची ए-थ्री प्रत काढली, साठ रुपयांत. एक अंगणवाडीच्या भिंतीवर लावली, एक ग्रामसभेला घेऊन गेला. ओढ्यावरचा फरशी पूल त्याने लाल पेनाने गोल केला होता. नकाशात त्याला 'पूर येतो' अशी चिठ्ठीही लावलीय. सरपंचांनी प्रत ठेवून घेतली. पुलाचं अजून काही झालेलं नाही. फाट्यावर वस्तीच्या नावाची पाटी मात्र लागली, ती वस्तीवरच्या पोरांनी वर्गणी काढून लावली.

भिंतीवरच्या नकाशापुढे आजोबा चष्मा लावून बराच वेळ उभे होते. मग त्यांनी पूर्वेकडच्या विहिरीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही आमच्या नावावर कुणी घातली? ती भावकीची आहे, केस चालू आहे." आतेभावाने त्याच रात्री विहिरीचं नाव पुसलं. ती जागा सध्या कोरी आहे.